जमावबंदी

जमावबंदी म्हणजे एखाद्या भागात, ठरावीक काळासाठी, ठरावीक संख्येहून अधिक माणसांनी एकत्र येण्यास प्रशासनाने लेखी हुकमाने केलेली मनाई. महाराष्ट्रात ती ‘१४४ लागू’ एवढ्यावरच ओळखली जाते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलम १४४ चे कलम १६३ झाले. मजकुरात सांगण्याजोगा फरक पडला नाही आणि लोकांच्या तोंडून जुना आकडाही गेलेला नाही.

जमावबंदी आणि संचारबंदी या वेगळ्या गोष्टी. पहिलीत माणूस एकटादुकटा फिरू शकतो, दुसरीत घराबाहेर पडणेच बंद होते. करोनाच्या साथीत हा फरक साऱ्या राज्याने अनुभवला. २२ मार्च २०२० रोजी नागरी भागांत जमावबंदी जाहीर झाली, रस्त्यावरची वर्दळ थांबेना म्हणून दुसऱ्याच दिवशी राज्यभर संचारबंदी आली. संहितेत संचारबंदीचे स्वतंत्र कलम मात्र नाही, तिचा हुकूमही याच कलमाखाली निघतो.

‘पाच किंवा अधिक व्यक्ती’ हे शब्द जमावबंदीच्या बहुतेक हुकमांत असतात, पण ते या कलमात कुठेही नाहीत. पाचचा आकडा येतो तो दंडविधानातल्या ‘बेकायदेशीर जमावा’च्या व्याख्येतून. कलम एवढेच म्हणते की अडथळा, इजा, मानवी जीविताला धोका, शांततेचा भंग, दंगल किंवा मारामारी टाळण्यासाठी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा खास अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी कोणाही व्यक्तीला एखादी कृती करू नये असे फर्मावू शकतो. कोणती कृती, हे त्याने ठरवायचे. म्हणूनच याच तरतुदीखाली दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांभोवतीची झेरॉक्सची दुकाने बंद राहतात, पावसाळ्यात पुणे-रायगडातल्या धबधब्यांवर जायला मनाई होते आणि मोर्चाही अडवला जातो. इतकी मोकळी शब्दरचना असलेले कलम प्रशासनाच्या हाताशी कायम राहिले यात नवल नाही.

हुकमात वस्तुस्थिती नमूद करावी लागते. तातडीच्या प्रसंगी समोरच्याचे न ऐकता तो काढता येतो, आणि व्यवहारात बहुतेक वेळा तसाच काढला जातो. मुदत दोन महिन्यांची, राज्य शासनाला ती आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येते. झळ पोहोचलेल्या नागरिकाने हुकूम मागे घेण्यासाठी अर्ज केला तर त्याचे म्हणणे ऐकणे आणि अर्ज फेटाळल्यास कारणे लिहिणे बंधनकारक आहे. हा मार्ग फारसे कोणी वापरत नाही. सुनावणीची तारीख लागेपर्यंत मोर्चाचा दिवस उलटून गेलेला असतो.

महाराष्ट्रात याच्या जोडीला दुसरे हत्यार आहे आणि रोजच्या वापरात तेच अधिक येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) याच्या कलम ३७(१) खाली शस्त्रे, लाठ्या, दगड, स्फोटके बाळगण्यावर बंदी येते. त्याच दमात प्रतिमांचे प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये आणि भाषणे यांनाही मनाई करता येते. पुतळा जाळण्याचा कार्यक्रम याच कलमात अडकतो. कलम ३७(३) जमाव आणि मिरवणुकांना मनाई करते, मात्र राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. मुंबईत असे हुकूम एकामागून एक निघत राहतात. लग्न, अंत्ययात्रा, कंपन्यांच्या बैठका, चित्रपटगृहे यांना सूट असते. अधूनमधून असा हुकूम व्हॉट्सअॅपवर फिरू लागला की पोलिसांना खुलासा करावा लागतो की हा नेहमीचाच आदेश आहे, घाबरू नये. बारमाही असलेला हुकूम तातडीचा कसा, हा प्रश्न त्या खुलाशातूनच निघतो. जिल्ह्यात निदान मागणारे पोलीस अधीक्षक आणि हुकूम काढणारे जिल्हाधिकारी वेगळे असतात. पोलीस आयुक्तालयाच्या शहरात मागणारा, काढणारा आणि अंमल करणारा एकच.

या तरतुदीचे मूळ १८६१ च्या, म्हणजे कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आल्यानंतरच्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. १८९८ च्या संहितेत ती १४४ या क्रमांकाने होती. बडोदा संस्थानातल्या एका अधिकाऱ्याने हे कलम तयार केल्याची कहाणी स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून फिरत असते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याला संस्थानी जनक शोधण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यलढ्यात या कलमाचा वापर सर्रास झाला. एप्रिल १९१७ मध्ये चंपारणला पोहोचलेल्या गांधीजींना जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम याच कलमाखाली बजावला गेला. त्यांनी तो मानला नाही, १८ एप्रिलला मोतीहारीच्या न्यायालयात तसे उघड सांगितले आणि काही दिवसांत सरकारने खटला मागे घेतला.

ज्यांच्यावर हे कलम चालवले गेले त्यांच्याच हाती सत्ता आल्यावर ते रद्द होईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरले. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) ने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आणि १९(३) ने त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा राज्याला दिली. संविधान सभेत कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी यांनी मूलभूत हक्कांच्या मसुद्यावर टीका करताना तो पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखा वाटतो असे म्हटले होते. १९७३ ची नवी संहिता आली तेव्हा कलम टिकले, क्रमांकही टिकला.

ते घटनाबाह्य ठरवावे म्हणून झालेल्या दोन मोठ्या प्रयत्नांशी मराठी माणसांचा संबंध आहे. पहिला नागपूरचा. १९५६ मध्ये तिथल्या कापडगिरणी कामगारांच्या संघटनांतील वादात जिल्हादंडाधिकाऱ्यांनी जमावबंदी लावली. कामगार नेते बाबुलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ मध्ये हरले. शांतताभंग होण्याआधीच तो रोखण्याचा अधिकार राज्याला हवा, असे न्यायालयाने धरले. दुसरा प्रयत्न मधु लिमये यांचा. पुण्यात जन्मलेले, गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंग भोगलेले हे समाजवादी नेते बिहारमधील मुंगेरचे खासदार होते, आणि तिथल्याच उपविभागीय दंडाधिकाऱ्यांविरुद्धचा त्यांचा खटला सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे चालला. १९७० च्या निकालाने कलम वैध ठरवले. मात्र हा अधिकार तातडीच्या प्रसंगापुरता आहे, त्याचा गैरवापर झाल्यास तो विशिष्ट हुकूम रद्द होईल, कलम नव्हे, अशी भूमिका घेतली. तेव्हापासून लढाई कलमाविरुद्ध न राहता एकेका हुकमाविरुद्ध उरली, आणि ती आंदोलकाला प्रत्येक वेळी नव्याने लढावी लागते.

हुकूम तपासण्याची कसोटी राममनोहर लोहिया यांच्या १९६५ च्या खटल्यातून आली होती. न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिली: सर्वांत बाहेर कायदा व सुव्यवस्था, तिच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, सर्वांत आत राज्याची सुरक्षितता. कायदा मोडणारी प्रत्येक घटना सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवतेच असे नाही. जमण्याच्या हक्कावर अनुच्छेद १९(३) खाली निर्बंध घालायचा तर धोका निदान मधल्या वर्तुळातला हवा. प्रत्यक्षात ‘आगामी सण-उत्सव व संभाव्य आंदोलनांच्या पार्श्वभूमीवर कायदा व सुव्यवस्था अबाधित राखण्यासाठी’ हे ठरीव वाक्य बाहेरच्याच वर्तुळात घुटमळते.

नंतरच्या निकालांनी हुकमांना एकेक चौकट घातली. मुंबई पोलीस अधिनियम लागू असलेल्या अहमदाबादेत सभेला परवानगी नाकारण्याचा बेलगाम अधिकार देणारा नियम १९७२ मध्ये रद्द झाला. कोलकात्यातील आनंदमार्गी या धार्मिक पंथाच्या खटल्यात १९८३ मध्ये न्यायालयाने सांगितले की मुदत संपली की पुन्हा तोच हुकूम काढून बंदी जवळपास कायमची करणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. जून २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर झालेल्या पोलीस कारवाईबद्दल २०१२ मध्ये पोलिसांना, काही अंशी आयोजकांनाही, दोषी धरले गेले. जम्मू-काश्मीरमधील निर्बंधांवरील जानेवारी २०२० च्या निकालाने असे हुकूम प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आणि वैध मतप्रदर्शन दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही असे बजावले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर माजलगावचे प्रकरण सर्वांत बोलके. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध तिथल्या जुन्या ईदगाह मैदानावर बेमुदत धरणे धरण्यास पोलिसांनी परवानगी नाकारली. आधार होता बीडच्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा कलम ३७ खालचा हुकूम. वरवर तो सर्वांना लागू होता. घोषणा, गाणी, वाद्ये, सगळ्यांवर बंदी. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी दोन्ही आदेश रद्द केले. हुकूम सर्वांसाठी दिसत असला तरी त्याचा रोख या आंदोलकांचा आवाज बंद करण्याकडे होता, हे खंडपीठाने नोंदवले. एखाद्या कायद्याला विरोध करतात एवढ्यावरून त्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, आणि या देशाला स्वातंत्र्यही अहिंसक आंदोलनांतूनच मिळाले, याची आठवण प्रशासनाला करून दिली. हुकमाची भाषा न वाचता हेतू वाचला गेला, हे या निकालाचे मोल.

रस्त्यावर मात्र आंदोलकाचा कलम १६३ शी संबंध शेवटी येतो. आधी येते ते नोटिशीचे पाकीट. मंत्र्यांचा दौरा किंवा बंदची हाक असली की कार्यकर्त्यांना ‘१४९ ची नोटीस’ (आता कलम १६८) बजावली जाते: काही अनुचित घडल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. मग ताब्यात घेणे, पोलीस व्हॅन, संध्याकाळी सुटका. मुंबईत जागाही ठरलेली आहे. आंदोलन आझाद मैदानाच्या आखून दिलेल्या भागात करायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षण आंदोलनाला तिथे पाच हजार जणांसाठी एका दिवसाची परवानगी होती. लोक त्याहून फार जास्त आले, रस्ते भरले, उच्च न्यायालयाने ते मोकळे करण्यास सांगितले आणि आंदोलन २ सप्टेंबरला संपले. आकड्यांत बांधलेली परवानगी मोठ्या आंदोलनापुढे टिकत नाही. तिचा जाच होतो तो पन्नास माणसांच्या ठिय्याला.

हुकूम मोडल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १८८ लागे: साधी कैद एक महिना किंवा दोनशे रुपये दंड, जीविताला धोका झाल्यास सहा महिने. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने ती शिक्षा सहा महिने किंवा अडीच हजार रुपये, आणि गंभीर प्रकारात एक वर्ष किंवा पाच हजार रुपये, अशी वाढवली. अशा गुन्ह्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच न्यायालय घेऊ शकते, आणि ही पायरी चुकली म्हणून खटले कोसळतात. उरलेले रेंगाळतात, आणि दरम्यान नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ते आडवे येतात. राज्य शासन वेळोवेळी शासन निर्णय काढून राजकीय व सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेते. जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, अशा त्याच्या अटी असतात. त्यालाही न्यायालयाची संमती लागते. आरोपींत आजी-माजी आमदार किंवा खासदार असल्यास, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानुसार, उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो खटला मागे घेता येत नाही.