फुटबॉलमधून निघालेला 1,75,560 घटकांचा गट

जिंतूर किंवा उदगीरच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या सरांनी, नव्वद वर्षांत कुणाला न सापडलेली गणितातली वस्तू शोधून काढली असं ऐकलं, तर आपण आधी बातमीवरच शंका घेऊ. झ्वोनिमिर यांको यांची सुरुवात अशाच नोकरीतून झाली. 1932 साली क्रोएशियात जन्मलेले यांको हर्त्सेगोविनातल्या एका छोट्या गावात हायस्कुलात शिकवत होते. 1960 मध्ये झाग्रेब विद्यापीठाची पीएच.डी., पुढे ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि शेवटी जर्मनीतलं हायडेलबर्ग. विषय जन्मभर एकच: सांत गट, म्हणजे ज्यांच्या घटकांची संख्या मर्यादित असते असे गट.

आपल्याकडे बी.एस्सी.ला जी 'ग्रुप थिअरी' येते ती हीच, आणि बहुतेकांच्या ध्यानात त्यातले चार नियम तेवढे राहतात. त्यापेक्षा वेरूळला जाऊन कैलासाच्या मंडपाचं छत वरच्या कड्यावरून पाहावं. कमळ, त्यावर चार सिंह. मनातल्या मनात ते पाव फेरी फिरवा. एका सिंहाच्या जागी दुसरा येतो. शून्य, पाव, अर्धी, पाऊण अशा चारच फेऱ्या, आणि कुठल्याही दोन लागोपाठ केल्या तरी उत्तर या चारांतच. झाला चार घटकांचा गट. तो आणखी लहान गटांत फोडताही येतो.

फुटबॉलचं तसं नाही. 12 पंचकोन आणि 20 षट्‌कोन शिवलेला जुन्या पद्धतीचा चेंडू 60 प्रकारे फिरवून पुन्हा जसाच्या तसा दिसतो. या 60 फेऱ्यांच्या गटाची फोड होत नाही. संख्यांमध्ये जे स्थान मूळ संख्यांचं, तेच गटांमध्ये अशा न फुटणाऱ्या, म्हणजे साध्या गटांचं. बहुतेक साधे गट ठरावीक कुळांत बसतात. कुठल्याच कुळात न बसणारे पाच गट फ्रान्सच्या माथ्यू यांनी 1861 आणि 1873 मध्ये दिले, आणि मग सगळं सामसूम.

1963 मध्ये फाइट आणि थॉम्पसन या गणितज्ञांनी 255 पानांत सिद्ध केलं की, क्रियांचा (म्हणजे गटाच्या घटकांचा) क्रम बदलला की उत्तर बदलतं अशा प्रत्येक साध्या सांत गटात घटकांची संख्या समच असते. म्हणजे त्यात दोनदा केली की सगळं पूर्ववत होतं अशी एखादी क्रिया असणारच. तिच्याशी क्रम बदलला तरी फरक पडत नाही अशा क्रिया तेवढ्या वेगळ्या काढायच्या. या छोट्या तुकड्यावरून अख्खा गट ओळखायचा, ही गणितज्ञ ब्राउअर यांची वाट.

यांको त्या वाटेनं एकेक शक्यता निकालात काढत होते. एक मात्र निघेना. तिथला तुकडा 120 घटकांचा होता: चेंडूच्या 60 फेऱ्या, आणि आरशातली प्रतिबिंबं धरून आणखी 60. असा गट असूच शकत नाही हे दाखवायचं, तर विसंगती हाती लागायला हवी. ती लागेना. हिशेब पुढे पुढे जुळतच गेला. (आमच्याकडे प्रबंधात अशा जागी 'हे उघडच आहे' लिहून पुढे जातात.) दोनदा केल्यावर पूर्ववत करणाऱ्या क्रिया निघाल्या 1463. त्याला 120 ने गुणा: 1,75,560. गट असलाच तर एवढाच.

पण आकडा जुळला म्हणजे गट आहे असं होत नाही. तेव्हा यांकोंनी सात बाय सातचे दोन मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) दिले, बेरीज-गुणाकारानंतर 11 ने भागून उरणारी बाकी तेवढी ठेवायची. त्या दोघांच्या गुणाकारांतून पूर्ण गट उभा राहतो. साल 1965. मला या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

त्यानंतर तसे गट धडाधड सापडू लागले. एकूण 26 निघाले, त्यांतले चार यांकोंच्या नावावर. दुसरा 6,04,800 आणि तिसरा 5,02,32,960 घटकांचा. दोन्हींचा अंदाज एकाच गृहीतकातून आला, बांधून दाखवले इतरांनी. चौथा वीस अंकी. तो खरोखर आहे हे 1980 मध्ये केंब्रिजला संगणकावर, शून्य आणि एकच्या 112 बाय 112 मॅट्रिक्समधून ठरलं. यांको 2022 मध्ये वारले.

पहिला गट उभा करणारे असे दोन मॅट्रिक्स 'गॅप' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या जुन्या संगणकावरही ते चालतं. विद्यार्थ्यांनी आधी गटाचा आकार विचारावा, मग त्या 1463 क्रिया मोजायला सांगाव्यात.