‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे

इंग्रजी शब्दाच्या आरंभी ‘इन’ हा उपसर्ग आला की अर्थ उलटतो, हा नियम इतका घोकला जातो की ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारे, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे आणि धोकादायकही. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन’ मुळात दोन आहेत: एक नकारार्थी, जो ‘इनकरेक्ट’मध्ये दिसतो, आणि दुसरा ‘आत’ हा अर्थ देणारा. ‘पेटवणे’ या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदात हा दुसरा आहे. त्यापासून शक्यतादर्शक प्रत्यय लागून बनलेला शब्द ‘सहज पेट घेणारे’ असेच सांगतो. या गोंधळामुळेच अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ या रूपाचा आग्रह धरला आणि १९५९मध्ये ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही तेच धोरण स्वीकारले. (व्युत्पत्तीपेक्षा जीव मोलाचा, तेव्हा हे योग्यच झाले.) ‘इन्व्हॅल्युएबल’मध्ये मात्र ‘इन’ खरोखर नकारार्थी असूनही अर्थ ‘निरुपयोगी’ असा होत नाही, कारण तेथे ‘व्हॅल्यू’ म्हणजे मोल ठरवणे, आणि ज्याचे मोल ठरवताच येत नाही ते आपल्याकडेही ‘अनमोल’च ठरते.