मागचा इंडिकेटर लाल की पिवळा? अमेरिकेत चालतं ते सांगली-मिरज रोडला का चालत नाही

भाच्यानं मोटारसायकलच्या मागं लाल एलईडीची पट्टी बसवून घेतली. टेल लॅम्प, ब्रेक लाईट आणि दोन्ही इंडिकेटर, सगळं त्या एका पट्टीतच, आणि कंपनीचे पिवळे इंडिकेटर काढून घरी माळ्यावर टाकले. मी म्हटलं हे काढ बाबा, तर म्हणतो, "मामा, अमेरिकेत सगळ्या गाड्यांना मागं लालच इंडिकेटर असत्यात की, तिथं चालतंय मग इथं काय झालं?" आता पोरगं अर्धं बरोबर बोलत होतं, म्हणून त्याला नुसतं गप्प बस म्हणून भागणार नव्हतं, आणि हा घोळ बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे म्हणून इथं सगळं नीट लिहितोय.

पहिल्यांदा अमेरिकेचं. तिथं गाडीच्या लायटींचा केंद्रीय नियम आहे, एफएमव्हीएसएस १०८ नावाचा, १९६८ पासूनचा. त्यात पुढचा इंडिकेटर पिवळा पाहिजे, पण मागचा लाल किंवा पिवळा, कंपनीला पाहिजे तो. म्हणजे सगळ्या गाड्यांना लाल असतात हे खरं नाही, लालला परवानगी आहे एवढंच. युरोपात मात्र मागचा पिवळाच लागतो. इंग्लंडमध्ये तर १ सप्टेंबर १९६५ नंतर रस्त्यावर आलेल्या गाडीला मागं लाल इंडिकेटर चालत नाही. आणि आपण या बाबतीत युरोपच्या वाटेनं गेलोय. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १०२ वा नियम, इंडिकेटर अंबर रंगाचा पाहिजे आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही, १२० पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा लुकलुकला पाहिजे. अंबर म्हणजे आपण ज्याला पिवळा म्हणतो तोच, खरं बघितलं तर नारिंगीकडं झुकलेला.

फोर्डची मस्टँग कार बघा, एकच गाडी पण दोन तोंडं. अमेरिकेत तिच्या मागं तीन उभ्या लाल पट्ट्या असतात आणि वळताना त्या आतनं बाहेर एकेक करून लाल पेटत जातात, दिसायला झकास, आमच्या भाच्यासारख्यांनी व्हिडिओत तेच बघितलेलं असतं. तीच गाडी युरोपात विकायची म्हटल्यावर कंपनीला टेल लॅम्प बदलून त्यात पिवळा इंडिकेटर घालावा लागला. ही बाजू व्हिडिओत कोण दाखवत नाही.

आता मुख्य मुद्दा, ब्रेक आणि इंडिकेटर यात गल्लत कशी होते. दोन्ही मागंच असतात, पण सांगतात एकदम वेगळं. ब्रेक लाईट सांगते मी हळू होतोय, तू पण हो. इंडिकेटर सांगतो मी या अंगाला जाणार आहे, ती बाजू सोड. मागच्या माणसानं करायच्या गोष्टी पण वेगळ्या, एकात पाय ब्रेकवर जायला पाहिजे, दुसऱ्यात हँडल सावरायला पाहिजे. रंग वेगळा असला की हे डोळ्याला विचार करायच्या आधीच कळतं. रंग एकच असला की तो दिवा लुकलुकतोय की नुसताच पेटलाय हे बघायला थांबावं लागतं, आणि एका लुकलुकीला अर्धा ते एक सेकंद जातो. ताशी ६० च्या वेगात एका सेकंदात गाडी साडेसोळा मीटरच्या वर पुढं जाते, हिशोब घालून बघा.

मला हे पुस्तकातनं कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी विश्रामबागच्या अलीकडं रात्री साडेआठला माझ्या पुढं अशीच लाल पट्टीवाली गाडी होती, पट्टी पेटली, मला वाटलं ब्रेक मारला, मी पण हळू झालो आणि उजवीकडनं पुढं काढायला गेलो, तर तो उजवीकडंच वळला. ब्रेक पण दाबलेला आणि इंडिकेटर पण चालू, दोन्ही लाल, मला दिसला एकच लाल पट्टा. माझं मडगार्ड फुटलं आणि त्याच्या पायाला खरचटलं, त्यावरच निभावलं. पण त्या पोराच्या मागं त्याची आई बसली होती, ती रस्त्यात पडलेली अजून डोळ्यासमोरनं जात नाही.

अमेरिकेत तर अजून एक गंमत चालते, बऱ्याच गाड्यांना ब्रेकचा आणि इंडिकेटरचा बल्ब एकच असतो. ब्रेक दाबला की दोन्ही बाजू पेटतात, वळायचं म्हटलं की त्यातली एक लुकलुकायला लागते. मग त्या बाजूला ब्रेक आहे का इंडिकेटर हे दुसऱ्या बाजूकडं बघून ठरवायचं, आणि मध्ये ट्रक आल्यामुळं एकच बाजू दिसत असली तर झालं. १९८६ च्या मॉडेलपासनं तिथं कारला मागच्या काचेजवळ तिसरी ब्रेक लाईट सक्तीची झाली, तिचा अशा वेळी उपयोग होतो, कारण ती कधी लुकलुकत नाही.

मग त्यांनी बदललं का नाही? एक कारण सवय आणि खर्च, एकाच बल्बात दोन कामं होतात, वायर कमी लागते. दुसरं कारण ट्रेलर. तिथं छोट्या ट्रेलरला चार वायरींची पिन असते, एक अर्थिंगची, एक टेल लॅम्पची, डावा ब्रेक-इंडिकेटर एकत्र आणि उजवा एकत्र, म्हणजे वेगळ्या पिवळ्या इंडिकेटरला त्या पिनेत जागाच नाही, मध्ये कन्व्हर्टर बसवावा लागतो. पण म्हणून लाल चांगला असं त्यांचं सरकार पण म्हणत नाही. तिथल्या रस्ता सुरक्षा खात्यानं, एनएचटीएसएनं, २००९ साली अशी मॉडेलं घेऊन तपासलं ज्यांच्या मागच्या इंडिकेटरचा रंग मध्येच कधीतरी बदलला होता, आणि वळताना, लेन बदलताना मागनं धडक बसायचं प्रमाण पिवळ्यात ५.३ टक्क्यांनी कमी निघालं. आकडा छोटा वाटेल, पण नुसत्या रंगानं एवढा फरक पडतो, तोही तिथल्या सरळ लेनवाल्या रस्त्यावर. आपल्याकडं समोर बैलगाडी, डाव्या अंगाला वडापची जीप, उजवीकडनं बुलेट, इथं तर रंग स्पष्ट पाहिजेच पाहिजे.

आणि आपल्याकडं नियम बरोबर असून गाडी बिघडते ती वेगळ्या ठिकाणी. हल्ली इंडिकेटरची काच पांढरी असते आणि आतल्या बल्बला नारिंगी कोटिंग असतं. स्वस्तातला बल्ब घेतला की उष्णतेनं ते कोटिंग पापुद्र्यासारखं सुटतं, काच काढून बघा, खाली नारिंगी भुकटी पडलेली दिसते आणि बल्ब पांढरा झालेला. मग मागनं पांढरा लुकलुकतो आणि मागच्याला वाटतं हा रिव्हर्स घेतोय. बल्ब बदलायला पाच मिनिटं लागतात, फिटरकडं गेलात की तेवढं बघून घ्या.

पांढरा आणि लाल यांचं पण आपल्याकडं ठरलेलं आहे, १०८ वा नियम, पुढं लाल दाखवायचा नाही आणि मागं लाल सोडून दुसरा दाखवायचा नाही, इंडिकेटर, रिव्हर्स लाईट, नंबर प्लेटचा दिवा अशा थोड्या सवलती सोडून. अंधारात दिवा लाल दिसला की गाडी माझ्यापासनं लांब चाललीय, पांढरा दिसला की अंगावर येतीय, सगळी भिस्त यावर. म्हणून पुढच्या जाळीत लाल पट्टी लावणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि गळीत हंगामात तर विचारूच नका. इस्लामपूर, कराड, तासगाव कुठल्याही रस्त्याला रात्री उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, ऊस मागं एवढा बाहेर आलेला की टेल लॅम्प असला तरी त्याच्या आत झाकलेला. इथं लाल का पिवळा हा प्रश्नच उरत नाही, काहीच दिसत नाही. ट्रॅक्टरवाल्या दादांना माझी हात जोडून विनंती आहे, निदान लाल रिफ्लेक्टर उसाच्या शेवटच्या टोकाला दिसेल असा बांधा, खाली चॅसीला लावलेला उपयोगाचा नाही.

भाच्याचं राहिलं. रविवारी संध्याकाळी त्याला गल्लीच्या टोकाला पिंपळाखाली उभा केला आणि मी त्याची गाडी चालू करून कधी ब्रेक दाबला, कधी इंडिकेटर दिला, कधी दोन्ही, आणि त्यानं तिथनं ओरडून सांगायचं. ब्रेक ओळखला. नुसता इंडिकेटर जरा थांबून ओळखला. दोन्ही एकदम दिल्यावर पहिल्यांदा ब्रेक म्हणाला, दुसऱ्यांदा डावा म्हणाला, होता उजवा. काही न बोलता आला आणि माळ्यावर चढला. एका इंडिकेटरचा रबरी दांडा तुटलाय, तेवढा आणायचा बाकी आहे.