मृत्यूकारण-नोंदींची पडताळणी : दुर्मीळ मेंदूविकार

मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर नोंदलेले कारण प्रत्यक्ष रोगनिदानाशी कितपत जुळते, हे उपचारांची कागदपत्रे, प्रयोगशाळेतील चाचण्या आणि उपलब्ध असल्यास शवविच्छेदन यांवरून तपासण्याच्या पद्धतीस मृत्यूकारण-नोंदींची पडताळणी म्हणतात. दुर्मीळ विकारांचे रुग्ण मोजण्यासाठी बहुधा याच नोंदी हाताशी असल्यामुळे ही तपासणी महत्त्वाची ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुना प्रमाणपत्रात पहिल्या भागात तात्कालिक कारणापासून मूळ कारणापर्यंतची साखळी, तर दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणारे अन्य विकार लिहितात. आकडेवारीत मात्र सामान्यतः मूळ कारण तेवढे मोजले जाते. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी) या तोल, डोळ्यांची हालचाल व गिळणे हळूहळू बिघडवणाऱ्या मेंदूविकारात गिळण्याची क्रिया बिघडून अन्न श्वासमार्गात जाते व रुग्ण अनेकदा न्यूमोनियाने दगावतो. प्रमाणपत्र देणारा डॉक्टर त्याच्यावर वर्षानुवर्षे उपचार करणारा मेंदूविकारतज्ज्ञ असतोच असे नाही, आणि त्याने केवळ न्यूमोनिया लिहिला की मूळ रोग आकडेवारीतून नाहीसा होतो. रोगवर्गीकरणाची अडचण याहून वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत पीएसपीला स्वतंत्र संकेतांक नव्हता. दहाव्या आवृत्तीत त्यास जी२३.१ हा मिळाला. त्यामुळे जुन्या व नव्या नोंदींची थेट तुलना करता येत नाही.

क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदू झपाट्याने निकामी करणाऱ्या रोगाची गोष्ट निराळी आहे. हा रोग दर दशलक्ष लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १ ते २ जणांना होतो आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात मरण पावतात. म्हणून मृत्यूंची संख्या नव्या रुग्णांच्या संख्येच्या जवळ जाते. परंतु निश्चित निदानासाठी मेंदूच्या ऊतींची तपासणी लागते, आणि ती न झाल्यास स्वप्रतिकारजन्य मेंदूदाहासारखा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटल्याने होणारा), अनेकदा उपचारांनी बरा होऊ शकणारा विकारही याच नावाने नोंदला जाण्याचा संभव राहतो. ब्रिटनमध्ये १९९० पासून एडिंबरा येथून या रोगावर राष्ट्रीय देखरेख ठेवली जाते. १९९६ मध्ये त्याचा नवा प्रकार तेथेच ओळखला गेला.

अशा चुकांचे गणित फसवे असते. समजा, १० लाख मृत्यूंपैकी १०० जणांना खरोखर एखादा रोग होता आणि त्या सर्वांची नोंद बरोबर झाली. उरलेल्यांपैकी दर १०,००० मागे एकाच्या प्रमाणपत्रावर तो चुकून लिहिला गेला, तरी आणखी सुमारे १०० खोट्या नोंदी होतात, म्हणजे निम्म्या नोंदी चुकीच्या ठरतात. याउलट सुटलेल्या आणि खोट्या नोंदी सारख्याच असतील, तर एकूण संख्या अगदी बरोबर दिसते, पण त्यांतील माणसे भलतीच असतात. म्हणून केवळ बेरीज न जुळवता एकेक नोंद तपासावी लागते.

शवविच्छेदन हा सर्वांत भक्कम आधार खरा. पण निदान संशयास्पद असलेल्यांचेच ते अधिक प्रमाणात केले जात असल्यामुळे त्यावर बेतलेल्या पडताळणीत चुकांचे प्रमाण प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते. हंटिंग्टन रोग या आनुवंशिक मेंदूविकारात १९९३ मध्ये जनुक सापडल्यापासून रक्ताच्या चाचणीने निदान करता येते, त्यामुळे तेथे हा प्रश्न बराच सौम्य झाला आहे. मात्र आनुवंशिक रोगाचे नाव कागदावर येऊ नये, अशी कुटुंबीयांची इच्छा असल्यास निदान पक्के असूनही नोंद अपुरी राहू शकते.