महाराजपूर-पनियार युद्धस्मारके

महाराजपूर-पनियार युद्धस्मारके : ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात २९ डिसेंबर १८४३ रोजी, एकाच दिवशी ग्वाल्हेरजवळील महाराजपूर व पनियार येथे झालेल्या दोन लढायांची स्मारके.

जनकोजीराव शिंदे फेब्रुवारी १८४३ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी जयाजीरावांना दत्तक घेतले, परंतु कारभार मामासाहेब कदमांनी पाहावा की दादा खासगीवाल्यांनी, यावरून दरबारात फूट पडली. या कलहामुळे गव्हर्नर जनरल एलेनबरो याने हस्तक्षेप केला, असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि पंजाबातील शिखांची खालसा फौज व ग्वाल्हेरचे सैन्य एकत्र येईल ही कंपनीची धास्ती अधिक प्रबळ कारण मानावी लागते. महाराजपूर येथे सर ह्यू गफ आणि पनियार येथे जॉन ग्रे या कंपनीच्या सेनानींच्या फौजा शिंद्यांच्या सैन्याशी लढल्या. महाराजपूरला कंपनीचे मृत व जखमी मिळून सुमारे ८०० झाले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी अखेरपर्यंत तोफा सोडल्या नाहीत, हे शत्रुपक्षानेही नोंदवले आहे. शिंद्यांच्या सैन्याच्या हानीचे आकडे मात्र इंग्रजांच्या अंदाजावरच अवलंबून आहेत.

पाडाव झालेल्या तोफांच्या धातूपासून विजयी सैनिकांसाठी ‘ग्वाल्हेर स्टार’ हे पदक घडवले गेले. त्याचा तारा कांस्याचा व सहा टोकांचा असून मध्यभागी लहान रुपेरी तारा बसवलेला आहे, आणि त्याभोवती लढाईचे नाव व तारीख कोरलेली आहे. ज्याने महाराजपूरला लढाई केली त्याच्या ताऱ्यावर महाराजपूर आणि पनियारला लढलेल्याच्या ताऱ्यावर पनियार असे नाव असल्याने, सैनिक कोणत्या रणांगणावर होता हे पदकावरूनच कळते. कोलकात्यात हुगळीच्या काठी १८४७ मध्ये कंपनीच्या मृतांसाठी उभारलेल्या अष्टकोनी ग्वाल्हेर स्मारकाचा घुमटही याच तोफांच्या धातूचा आहे. मराठी वाचकाने तो पाहताना ग्वाल्हेरच्या गोलंदाजांचीही आठवण ठेवणे उचित होय, कारण हा धातू त्यांच्या हातून सुटलेला आहे.

जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांचे सैन्य ९,००० पर्यंत मर्यादित झाले व कंपनीच्या अधिकाऱ्यांखालील ग्वाल्हेर कंटिंजंट हे सैन्यदल वाढवण्यात आले. पुढे जून १८५७ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या मुरार येथे याच दलाने बंड केले. ग्वाल्हेरात छत्र्या (मृतांची घुमटाकार स्मारके) आहेत त्या शिंदे घराण्यातील व्यक्तींच्या, या लढायांतील सैनिकांच्या नव्हेत.