दिवाबत्तीचे बिल कोणाचे?

गावातल्या घरपट्टीच्या पावतीवर 'दिवाबत्ती' असा एक रकाना असतो. बहुतेक ठिकाणी ही रक्कम वर्षाला दोन आकडी, त्यामुळे पावती घेणारा तिच्याकडे बघतही नाही. ग्रामपंचायत अधिनियम १९५८चा. गावात दिवे लावणे हे पंचायतीचे काम, हे त्यात आले आणि त्यासाठी कर घेण्याची मुभाही आली. म्हणजे कर पंचायतीने घ्यायचा, दिवाही पंचायतीने लावायचा. त्या दिव्याचे बिल मात्र पुढे कित्येक वर्षे पंचायतीच्या टेबलावर आलेच नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांनी वीज जपून कशी वापरावी याच्या कार्यशाळा सध्या जिल्ह्याजिल्ह्यात भरतात. त्यात एलईडी, सौर पंप, ऊर्जा परीक्षण (म्हणजे वीज कुठे किती जाते याची तपासणी) सगळे शिकवतात. या रकान्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले, असे नेहमी सांगतात. खेड्यांत पुढची सत्तर-ऐंशी वर्षे कंदीलच होता. १९६० साली राज्याचे वीज मंडळ झाले आणि मग गावोगाव खांब उभे राहिले. त्या काळात गावात वीज आली म्हणजे चावडीसमोर, देवळासमोर आणि पाणवठ्यावर दिवा लागला. घराघरात मीटर नंतर आले. रस्त्यावरचा दिवा ही सरकारने गावाला दिलेली भेट होती, आणि भेटीचे बिल कोणी विचारत नाही.

बिल होतेच, फक्त ते गावात फिरकत नव्हते. पथदिव्यांचा खर्च राज्याच्या अनुदानातून जिल्हा परिषदेमार्फत भागवायचा, अशी वहिवाट पडली. वीज मंडळ बिल काढी, जिल्हा ते पुढे पाठवी, मंत्रालयातून पैसे येत. कधी पूर्ण, कधी अर्धे, कधी पुढच्या वर्षी. उरलेले थकबाकीत जाई आणि तिच्यावर व्याज चढे. सरपंचाला यातले काहीच दिसत नसे. त्यामुळे भर दुपारी दिवे जळत असले तरी ते बंद करायला शिपायाला पाठवावे असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

काही वर्षांपूर्वी पंचायतींची दप्तरे बघण्याचे काम माझ्याकडे होते. एका गावात पथदिव्यांचे बिल मागितले तर आधी ते सापडेना. सापडले तेव्हा कळले की मीटरच नाही. मंजूर जोडभारावर, म्हणजे कागदावरच्या वॅटवर, बिल निघत होते. ग्रामसेवकांना घेऊन संध्याकाळी खांब मोजत फिरलो. कागदावर दिवे एकसष्ट, जळत होते चव्वेचाळीस. सहा खांबांवर नुसती पत्र्याची टोपी राहिली होती, आत काही नाही. आणि शाळेमागच्या वस्तीत लोकांनी स्वतःच तारेवर आकडा टाकून लावलेले चार बल्ब होते, जे कागदावर नव्हतेच. आता या गावाची वीजबचत मोजायची तर कोणत्या आकड्यापासून?

हा प्रश्न फक्त त्या गावाचा नाही. १९९२च्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने अकरावी आणि बारावी अनुसूची आली. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा आहे. बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत रस्त्यावरची दिवाबत्ती नावानिशी आहे. विषय आले, पैसा आणि मीटर आले नाहीत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, १ मार्च २००२पासून लागू. त्याच्या पाठोपाठ अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००७नंतर, देशभरातल्या १७५ नगरपालिका-महापालिकांचे ऊर्जा परीक्षण करून त्यांचे प्रकल्प अहवाल करायचा केंद्राचा कार्यक्रम आला. अहवाल बरे होते. नगरपालिकेच्या विजेचा मोठा भाग दिव्यांवर नव्हे तर पाणी उपसण्यावर जातो, हे त्या अहवालांत आकड्यांत पुढे आले.

पाण्याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एक लाख लिटर पाणी ५० मीटर उंच टाकीत चढवायला, पंपात काहीच वाया जात नाही असे धरले तर, साधारण साडेतेरा युनिट लागतात. जुना, झिजलेला पंप निम्म्या कार्यक्षमतेने चालतो, मग सत्तावीस युनिट. त्यातले ४० टक्के पाणी गळतीत गेले तर त्यांपैकी जवळपास अकरा युनिट वीज जमिनीत मुरली. पाइपची गळती काढणे ही वीजबचतच आहे. पण पाणीपुरवठा विभाग एकीकडे, विद्युत विभाग दुसरीकडे आणि लेखा विभाग तिसरीकडे, त्यामुळे तसे कोणी म्हणत नाही. अहवाल कपाटात राहिले, कारण पंप बदलायला लागणारे भांडवल कोण घालणार हे त्यात लिहिलेले नव्हते.

त्याचे उत्तर घेऊन एलईडीची लाट आली. घरगुती एलईडी बल्बची सरकारी खरेदी किंमत २०१४मध्ये ३१० रुपये होती, ती २०१६पर्यंत ३८ रुपयांवर आली. जानेवारी २०१५मध्ये पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मांडणी सोपी होती: केंद्राच्या सार्वजनिक ऊर्जा कंपन्यांनी मिळून काढलेली एक कंपनी स्वतःच्या पैशाने दिवे बदलणार, सात वर्षे सांभाळणार, आणि नगरपालिकेने वाचलेल्या बिलातून तिचे हप्ते फेडायचे. पालिकेच्या खिशातून सुरुवातीला एक रुपयाही जात नाही. महाराष्ट्रात काही शहरांनी याच धर्तीवर खासगी कंत्राटदार धरले, तर बाकीच्यांनी केंद्राच्या कंपनीकडूनच काम करून घ्यावे असा राज्याचा आग्रह २०१८च्या सुमारास सुरू झाला. नगरसेवकांना तो आवडला नाही. दिव्याची खरेदी हे वॉर्डातले शेवटचे हुकमी काम होते, तेही गेले.

पण 'बचत' या शब्दाने सगळ्यांनाच फसवले. बचत म्हणजे आधीचे वजा नंतरचे. आधीचे कसे मोजायचे? कागदावर २५० वॅटचा सोडियम दिवा, प्रत्यक्षात खांबावर अंधार. तिथे नवा एलईडी लावला तर रस्ता उजळतो, आणि बिल वाढते. करारात मात्र २५० वॅट जळत होते असे धरून बचत निघते आणि तिच्या हिशेबाने हप्ता ठरतो. काही ठिकाणी ही पायारेषा, म्हणजे 'आधीचे' धरलेला आकडा, भांडून दुरुस्त करून घेतली, बहुतेक ठिकाणी कोणी पाहिलेही नाही. मग पालिकांनी हप्ते थकवले, कंपनीची येणी साचली, दुरुस्तीचे पथक यायचे थांबले. एलईडीला दोष देणारे लोक हा भाग सांगत नाहीत. नुसत्या दिव्यापुरते बोलायचे तर फायदा खरा आहे. जुनी ४० वॅटची नळी चोकसकट पन्नासच्या वर घेते, २० वॅटचा एलईडी तेवढाच रस्ता दाखवतो. रोज ११ तास धरले तर एका खांबामागे वर्षाला १२० ते १४० युनिट वाचतात. (मरीन ड्राइव्हवर २०१५मध्ये पांढरे एलईडी लावले आणि राणीच्या हाराचा रंग गेला म्हणून आरडाओरड झाली, शेवटी पिवळसर दिवे परत आले. तो वाद वर्तमानपत्रांत गाजला. खेड्यात दिवा कोणत्या रंगाचा यावर कोणी भांडले नाही, तो लागतो का यावर भांडले.)

आता २०२१. गावांच्या बाबतीत सगळे इथे येऊन अडकते.

करोनाचे दुसरे वर्ष, घरपट्टीची वसुली बसलेली, पथदिव्यांची थकबाकी राज्यभरात हजारो कोटींच्या घरात. जुन्या वीज मंडळाच्या जागी आलेल्या वीज वितरण कंपनीने गावांच्या दिव्यांच्या जोडण्या तोडायला सुरुवात केली. वीज कायदा २००३च्या कलम ५६प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन तोडता येते. नोटिसा निघाल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावे अंधारात गेली. पाणीपुरवठ्याच्या मोटारीही बंद पडल्या. जूनमध्ये राज्याने परिपत्रक काढले: पथदिव्यांची बिले केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाकडून पंचायतींना मिळणाऱ्या अनुदानाच्या अबंधित निधीतून आणि पाणी योजनांची बिले बंधित निधीतून भरा.

इथे शब्द नीट समजून घ्यायला हवेत, कारण भांडण शब्दांचेच आहे. २०२१-२२पासून आयोगाच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित झाला, म्हणजे निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी राखीव. उरलेला ४० टक्के अबंधित. अबंधित म्हणजे अकराव्या अनुसूचीतल्या विषयांवर, गावाला वाटेल त्या गरजेवर खर्चायचा. अट एकच, पगार आणि आस्थापना खर्च त्यातून नाही. सरपंचांचे म्हणणे असे की आमच्या मर्जीचा निधी होता तोच तुम्ही बिलाला बांधलात, मग तो अबंधित कसला? शिवाय महिन्यामहिन्याला येणारे बिल हा चालू खर्च, विकासकाम नव्हे. तो आस्थापनेत धरायला हवा. राज्याचे उत्तर असे की रस्त्यावर उजेड ही गावाची गरज नाही असे कोणता सरपंच म्हणेल? पंचायत कार्यालयाचे बिल आस्थापना, खांबावरच्या दिव्याचे नाही.

शब्दार्थाने पाहिले तर राज्याची बाजू चुकीची नाही. चौदाव्या आयोगाच्या काळात, २०१५ ते २०२०, मूलभूत सेवांच्या यादीत पथदिवे उघडपणे होतेच. पण यात दोन गोष्टी नीट सांगितल्या गेल्या नाहीत. चौदाव्या आयोगाचा सगळा निधी ग्रामपंचायतीला मिळत होता. पंधराव्यात त्यातला ८० टक्केच पंचायतीकडे राहिला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला गेला. ज्या वर्षांत हातात येणारा वाटा कमी झाला त्याच वर्षांत त्यावर बिल टाकले. दुसरे म्हणजे निधी मुख्यतः लोकसंख्येवर येतो, खांब मात्र वस्ती किती पसरली आहे त्यावर लागतात. देशावरच्या गावठाणात तीस खांबांत सगळे गाव उजळते. कोकणात सात वाड्या, मध्ये ओढे, तिथे तेवढ्याच माणसांसाठी दुप्पट-तिप्पट खांब. हा फरक परिपत्रकात नव्हता.

खरी ठिणगी जुन्या थकबाकीची होती. चालू बिल भरायला बऱ्याच पंचायती तयार झाल्या असत्या. पण जी बिले आपल्याकडे कधी आलीच नाहीत, जी राज्याने भरायची म्हणून सांगितले होते, ज्यांत मीटर नव्हते आणि वर व्याज चढलेले, ती आपल्या नावावर कशी? त्या रागातून ठराव झाले: आमच्या हद्दीतल्या खांबांवर, रोहित्रांवर आम्ही कर लावतो, आधी तो द्या. वितरण कंपनीने या करातून सूट असल्याचा कागद दाखवला. दोन्हीकडून आकडे फेकले गेले आणि संध्याकाळी गाव अंधारातच. या वादात पंचायतींची बाजू मला थकबाकीपुरती पूर्ण पटते. चालू बिलापुरती नाही. कारण बिल टेबलावर आले त्याच वर्षी अनेक गावांनी पहिल्यांदा खांब मोजले, मीटर मागितले, नळ्या काढून एलईडी लावले. वीज दरात टायमर लावणाऱ्या पथदिव्यांना स्थिर आकारात सवलत असते, हे कित्येक ग्रामसेवकांना तेव्हाच कळले. सक्तीने आलेले शहाणपण म्हणा हवे तर.

त्याच सुमारास आणि त्यानंतर इतर गोष्टी भराभर आल्या. ऑक्टोबर २०२०पासून चाललेल्या राज्याच्या पर्यावरण अभियानात पंचमहाभूतांप्रमाणे गुण देतात. ऊर्जा 'अग्नी'त मोडते, आणि बक्षिसाच्या ओढीने पंचायती सौर दिव्यांचे फोटो काढू लागल्या. या सौर दिव्यांची बॅटरी तीन-चार वर्षांत मरते आणि ती बदलायची तरतूद आराखड्यात क्वचितच असते, त्यामुळे आज गावोगाव जी सौर खांबांची रांग दिसते तिच्यातले बरेच नुसते खांब. २०२३पासून जिथे शेतीच्या फिडरसाठी, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिनीसाठी, सौर प्रकल्प होतात, तिथल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये प्रोत्साहन आहे. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी २०२४मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली, घरे आणि रस्त्यावरचे दिवे दोन्ही सौर विजेवर. वाडी लहान आणि एकोप्याची. तिचा दाखला सगळीकडे देतात, मोठ्या बाजारपेठेच्या गावाला तो कितपत लागू पडतो हे वेगळे.

आणि २०२१च्याच केंद्रीय वितरण सुधारणा योजनेतून सरकारी कार्यालये व स्थानिक संस्थांना आधी पैसे भरून वीज घेण्याचे स्मार्ट मीटर प्राधान्याने बसवायचे ठरले. तसा मीटर पथदिव्याला लागला की थकबाकी साचणार नाही. शिल्लक संपली की दिवा विझेल. शिल्लक भरायची तर आयोगाचा हप्ता वेळेवर यायला हवा, आणि तो वर्षातून दोनदा, बऱ्याचदा उशिरा येतो. मधल्या महिन्यांत पंचायतीच्या स्वनिधीतून रक्कम टाकावी लागते. स्वनिधी म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि पावतीवरचा तो दोन आकडी दिवाबत्तीचा रकाना.