दात येताना ताप-जुलाब होतातच?

घरी छोटं पाळणाघर सुरू करतेय, त्यामुळे हा फॉरवर्ड परत परत येतोय, "दात येताना ताप आणि जुलाब होतातच, काही करू नका, आपोआप थांबतं." आपल्या आज्याही हेच सांगायच्या आणि तसं वाटणं साहजिक आहे, कारण दोन्ही गोष्टी खरंच एकाच वेळी दिसतात.

पण बघा, दुधाचे दात 20, साधारण सहाव्या महिन्यापासून ते अडीच-तीन वर्षांपर्यंत एकामागून एक येतच राहतात. म्हणजे या दोन वर्षांत बाळ कधीही आजारी पडलं तरी कुठला ना कुठला दात येतच असणार! त्यात याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कमी होत जाते, आणि बाळ रांगत जे दिसेल ते तोंडात घालतं, चप्पलसुद्धा, मग जंतू पोटात जाणारच ना.

दातांमुळे लाळ गळते, हिरड्या सुजतात, किरकिर होते, अंग किंचित कोमट लागतं, बस. हाताने अंदाज नको, थर्मामीटर लावा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर ते दातांचं नाही, दुसरं कारण शोधायला हवं. पाण्यासारखे जुलाब असतील तर ओआरएस सुरू करा, अंगावरचं दूध चालूच ठेवा आणि शू कमी झाली, बाळ मलूल वाटलं तर लगेच डॉक्टर.

पाळणाघरात मी रोज वहीत ताप, शी-शू आणि नवीन दात तारखेसकट लिहिणार आहे, तुम्हीपण घरी काही महिने लिहून बघा, बरेच दात ताप न येताच उगवलेले दिसतील.